एक कमी हाय

आमच्या हापिसात दर सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी एक छोटं संमेलन भरतं. विषय एकच, वीकेंडला कोण कुठे जाऊन आलं. या सोमवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "महाबळेश्वर."

दोन सेकंद शांतता. मग टीममधला एक बहाद्दर म्हणाला, "महाबळेश्वर? तिथे काय आहे आता बघण्यासारखं? ट्रॅफिक आणि कॉर्न पॅटिस! आणि तू तर स्वित्झर्लंड करून आलायस ना?"

मी नुसता हसलो. सोमवारी सकाळी साडेनऊला, स्टँडअप मीटिंगला पाच मिनिटं उरलेली असताना सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

तर, मे २०२३ मध्ये मी आई-अण्णांना घेऊन स्वित्झर्लंडला गेलो होतो. (बायको नव्या नोकरीत होती, तिला रजा नव्हती.) ग्रुप टूरबरोबर. हे 'ग्रुप टूरबरोबर' मी तेव्हा हापिसात जरा हळू आवाजातच सांगितलं होतं. आपल्या पब्लिकमध्ये ग्रुप टूरला जातो म्हणणं म्हणजे घरी अजून डायल-अप आहे म्हणण्यासारखं. आपण कसे? पाठीवर सॅक, हातात फोन, स्वतः शोधून काढलेलं हॉस्टेल, आणि परत आल्यावर 'टुरिस्ट लोक जातात तिकडे आम्ही फिरकलोच नाही' हे पालुपद. ग्रुप टूर म्हणजे झेंड्यामागे चालणारे काका-काकू, सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या, सकाळी सहाचा वेकअप कॉल आणि आल्प्सच्या पायथ्याशी पिठलं-भात. पण अण्णांचा गुडघा, आईचं शाकाहारी जेवण, व्हिसाचे कागद, या सगळ्याची बेरीज केल्यावर मी निमूटपणे पैसे भरले.

जाता जाता एक गंमत सांगतो. ही झेंड्यामागची टूर काही आपल्या काका-काकूंनी शोधलेली नाही. थॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८४१ साली लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सहल काढली. माणशी एक शिलिंग, पाचेकशे माणसं. पुढे १८६३ साली हाच कुक एक जथा घेऊन आल्प्स बघायला गेला, स्वित्झर्लंडला! त्या जथ्यातल्या जेमायमा मॉरेल नावाच्या बाईंनी लिहिलेली रोजनिशी नंतर सापडली आणि छापलीही गेली. म्हणजे ग्रुप टूर आणि स्वित्झर्लंड यांचं लग्न लागून दीडशेच्या वर वर्षं झाली. आपण वरातीत उशिरा घुसलो एवढंच.

असो. आता अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. १९८० ला लागले, २०१२ ला रिटायर झाले. घर वाईला आणि नोकरीची बरीच वर्षं महाबळेश्वर आगारात. वाईतून पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि तिथून पुढे महाबळेश्वर. या रस्त्याची वळणं मला पाढ्यांसारखी पाठ होती, कारण लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. सीझनला त्यांची ड्यूटी बऱ्याचदा 'महाबळेश्वर दर्शन'वर असायची. स्टँडवरून दुपारी गाडी निघायची, एकेक पॉइंट दाखवायची आणि संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्य बुडाला की परत.

महाबळेश्वरला असे तिसेक पॉइंट आहेत आणि त्यांची यादी वाचली तर एखाद्या साहेबी क्लबाचं हजेरीपुस्तक वाटावं. १८२४ साली लॉडविक नावाचा अधिकारी डोंगर चढून वर आला, त्याच्या नावाचा लॉडविक पॉइंट. चारपाच वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवून थंड हवेचं ठिकाण वसवलं, म्हणून गावाचं नाव पडलं माल्कमपेठ. त्याच्या मुलीचं नाव केट, तर नाके खिंडीचा झाला केट्स पॉइंट. आर्थर मॅलेट नावाच्या साहेबावरून आर्थर्स सीट. त्याची बायको आणि मुलं सावित्री नदीत बोट उलटून गेली आणि तो तासन्‌तास या कड्यावर बसून खाली नदीकडे बघत राहायचा, असं सांगतात. मधेच एखादी आपली जागाही येते. वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधवून घेतलेला. आणि जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगेला तर साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक येतातच. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून.

हे सगळं अण्णांना तोंडपाठ होतं. दर्शनच्या गाडीवर कंडक्टर हाच गाईड. दारापाशी दांडीला धरून उभं राहायचं आणि गाडी वळणावर कलली तरी आवाज न कलता माहिती सांगायची. माहिती संपली की प्रत्येक पॉइंटला तेच वाक्य, "वीस मिनिटं! वीस मिनिटात गाडी सुटंल!"

आणि पब्लिक उतरलं की अण्णा गाडीपाशी. लोकांचं सामान आत असायचं, एखाद्या आजी उतरायच्या नाहीत, कोणाचं तरी पोर झोपलेलं असायचं. ड्रायव्हर चहाला गेला तर गाडीपाशी कोणीतरी हवं. म्हणजे बघा, आर्थर्स सीटच्या पायथ्याला हा माणूस शेकडो वेळा गेला. वर किती वेळा गेला असेल? लहान असताना मला कधी हा प्रश्न पडला नाही.

आता जरा अवघड भाग.

जानेवारी २००७. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गाची ट्रिप निघाली, महाबळेश्वर. माझे वडील 'एसटीत' आहेत एवढं मित्रांना माहीत होतं. एसटीत काय, हे मी सांगितलं नव्हतं. एकदा कोणीतरी "ऑफिसर का रे?" विचारलं होतं, तेव्हा मी 'हो' आणि 'नाही' यांच्या मधला एक आवाज काढला होता. तो आवाज मला अजून काढता येतो. क्लायंटनं "रिलीज शुक्रवारी नक्की ना?" विचारलं की तोच येतो.

ट्रिपचं घरी सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दर्शनच्या गाडीत बसणार आहोत हे मलाही तिथे गेल्यावर कळलं. ट्रिप ज्यानं ठरवली होती त्यानं स्वस्तात पडतं म्हणून सगळ्यांची तिकिटं एसटीची काढली होती. मनात म्हटलं, महाबळेश्वर आगारात कंडक्टर काय एकच आहे? दुसरं कोणीतरी असेल.

दुसरं कोणी नव्हतं.

खाकी कपडे, खिशावर बिल्ला, हातात पंच. अण्णा दारातून आत आले आणि तिकिटं तपासत मागे मागे येऊ लागले. मी खिडकीकडची सीट धरून बसलो होतो. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी तिकीट दिलं. त्यांनी बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, "पुढचं."

बास. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप सुटल्यासारखं वाटलं. मग केट्स पॉइंट झाला, जुनं महाबळेश्वर झालं. आमच्यात एक नकलाकार होता, त्यानं तिसऱ्या पॉइंटपर्यंत "वीस मिनिटात गाडी सुटंल!" अगदी हुबेहूब उचललं. तो 'सुटंल' मधला हेल काढायचा आणि अख्खी गाडी हसायची. आर्थर्स सीटवरून परत येताना त्यानं पुन्हा केलं. सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता समोर बघितलं तर अण्णा गाडीच्या दाराशी उभे होते आणि एकेकाला आत घेताना ओठ हलवत मोजत होते. माझ्या वेळीही हलले. मग आत येऊन त्यांनी एकदा शेवटपर्यंत नजर फिरवली आणि दोन टोले दिले.

पंधरा दिवसांनी घरी गेलो तेव्हा त्यांनी जेवताना विचारलं, "ट्रिप कशी झाली?"

"बरी झाली," मी म्हटलं.

हा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी मात्र नंतर इतक्या वेळा मनात काढलाय की त्याची धार बोथट व्हायला हवी होती. झाली नाही.

आता चला परत स्वित्झर्लंडला.

आमचा ग्रुप एक्केचाळीस जणांचा. टूर मॅनेजर एक पंचविशीतला मुलगा, गोड बोलणारा, दमलेला. बस एकोणपन्नास सीटची. अण्णांनी पहिल्या दिवशी झुरिकला बसमध्ये चढल्या चढल्या सीटा मोजल्या. मग ड्रायव्हरजवळ गेले. ड्रायव्हर क्रोएशियाचा. त्याला मराठी येत नाही आणि यांना इंग्रजी बेताचं, तरी दोघं दहा मिनिटं काहीतरी बोलत होते. नंतर मला बोलावून दुभाषी केलं. त्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या यंत्रात त्याच्या कार्डावर सगळी नोंद होते, हे ऐकून अण्णांना कोण आनंद झाला! तीनदा विचारून घेतलं. पुढे आठ दिवस त्या दोघांचं एकमेकांना सॅल्यूट ठोकणं चालू होतं.

युंगफ्राऊयोखला गेलो. ३४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन, बोगद्यातून चढत जाणारी गाडी. लोक बर्फात लोळत होते आणि अण्णा माहितीचा फलक वाचत होते. "१९१२ साली चालू झाली म्हण रेल्वे," ते म्हणाले. "आपली पयली एसटी पुण्याहून नगरला सुटली एक जून अठ्ठेचाळीसला. म्हंजे छत्तीस वर्षं आधी ही लोकं हितं वर गाडी आणत व्हती." टिटलिसला गोल फिरणारी केबल कार. बाकीचे खिडकीतून दऱ्या बघत होते, अण्णा दरवाज्याची कडी बघत होते. वर शाहरुख आणि काजोलच्या पुठ्ठ्याच्या चित्रापाशी आमच्या ग्रुपची रांग लागली. आईनंसुद्धा फोटो काढून घेतला. अण्णा कुठायत म्हणून बघतो तर ते लांब उभे राहून कठडा हलवून बघत होते. "मजबूत हाय," म्हणाले.

मला राग यायला लागला होता. एवढे पैसे घालून आणलं, समोर आल्प्स पसरलाय, आणि हा माणूस कठडे तपासतोय! आणि सगळ्यात कहर म्हणजे, प्रत्येक ठिकाणाहून निघताना मॅनेजरची मोजणी चालू असताना अण्णाही उभं राहून बसभर नजर फिरवायचे. ओठ हलायचे. मागच्या बाकावरच्या दोन कॉलेजच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, बसा की. त्याचं काम आहे ते." ते बसले. पुढच्या थांब्याला पुन्हा उभे.

मी आपला शेवटच्या रांगेत जाऊन खिडकी पकडली. एकटा. कानात हेडफोन. सदतीस वर्षांचा घोडा झालो तरी मी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सहाव्या दिवशी ल्युसर्न. तिथे कड्यात कोरलेला एक मरणाला टेकलेला सिंह आहे. १७९२ साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांच्या आठवणीसाठी १८२१ मध्ये कोरून पुरा केलेला. तो बघून झाल्यावर ग्रुपला घड्याळांच्या दुकानात सोडलं. एक तास. मला घड्याळ घ्यायचं नव्हतं आणि दुकानात उभंही राहायचं नव्हतं. 'टुरिस्ट जातात तिकडे' न जाण्याची ही शेवटची संधी म्हणून मी सटकलो. (आणि गेलो कुठे? तर चौदाव्या शतकातला तो लाकडी पूल बघायला, जिथे जगातले झाडून सगळे टुरिस्ट होते.) पुलावर चाललो, १९९३ च्या आगीत काळे पडलेले भाग बघितले, काठावर कॉफी घेतली. फोन बॅटरी संपून बंद पडला होता. खिशात घालून टाकला. छान वाटत होतं. सहा दिवसांत पहिल्यांदा मला कोणी मोजत नव्हतं.

परत येताना गल्ली चुकली. मग आणखी एक चुकली. धापा टाकत बसपाशी पोचलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. बस उभी होती. दार उघडं. आणि दाराच्या पायरीवर एक पाय आत, एक पाय बाहेर असे अण्णा उभे होते.

आत काय झालं ते आईनं नंतर सांगितलं.

मॅनेजरनं मोजलं, एक्केचाळीस. पुन्हा मोजलं, एक्केचाळीस. तिथे बसला फार वेळ थांबायची परवानगी नव्हती, मागे दुसरी बस येऊन उभी होती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. आणि अण्णा उठून मधल्या वाटेत उभे राहिले. "गाडी सोडू नका. एक कमी हाय."

"काका, दोनदा मोजलंय मी. बरोबर आहेत."

"एक कमी हाय. नऊ रिकाम्या हायत. आठ पायजेत."

आईला वाटत होतं मी नेहमीप्रमाणे मागे बसलोय. मागच्यांना वाटलं पुढे आई-वडिलांपाशी गेलोय. आणि मॅनेजर मोजत असताना एक सात वर्षांचा मुलगा आजीकडून उठून आईकडे गेला होता. दोन्ही वेळा तो तसाच पळाला आणि दोन्ही वेळा दोनदा मोजला गेला. त्यामुळे एक्केचाळीस.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात ते आत्ता हसले असतील. रेस कंडिशन! यादी वाचताना यादी बदलतेय. आम्ही यावर चांगले तास-तासभर इंटरव्ह्यू घेतो. रात्री हॉटेलवर मी अण्णांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "माणसं मोजू न्हाईत. माणसं हालत्यात. रिकाम्या सीटा मोजाव्यात, त्या कुठं जात न्हाईत." शिवाय त्यांच्या मते मोजणी नेहमी गाडी भरल्यावर, मागून पुढे आणि एका दमात करायची. कोणी मधे बोललं तर पहिल्यापासून. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणाला मागे सोडलं नव्हतं. हे त्यांनी सांगितलं नाही, आईनं सांगितलं.

मी बसपाशी पोचलो तेव्हा मात्र ते काही म्हणाले नाहीत. मला बघितलं, बाजूला सरकून आत घेतलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. अण्णा बघत नव्हते. त्यांनी फक्त मागे वळून मॅनेजरला सांगितलं, "आता सोडा."

मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो आणि जानेवारी २००७ माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसला.

माझा ग्रुप टूरबद्दलचा तोरा त्या दिवशी उतरला. म्हणजे पिठलं-भात आणि झेंडा यांची मी अजूनही टिंगल करतो, स्वभाव कुठे जाणार. एकटं भटकण्यात मजा आहेच, मी पुढेही भटकीन. पण एका बाबतीत मी चुकत होतो. मला वाटायचं टूर म्हणजे ठिकाणं, आणि ठिकाणं काय, मॅपवर सगळीच सापडतात. आईसारखी बाई, जी वाईच्या बाजारातही ओळखीच्या दुकानापलीकडे जायची नाही, ती परक्या देशात सकाळी हसत बसमध्ये का चढत होती? कारण तिला पक्कं माहीत होतं की संध्याकाळी ती कमी पडली तर गाडी सुटणार नाही. पैसे ती त्याचे देत होती. (म्हणजे मी देत होतो, पण ते जाऊदे.) आणि त्या खात्रीसाठी कोणीतरी एक माणूस लागतो, ज्याचं लक्ष डोंगराकडे नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये मी अण्णांशी हे काही बोललो नाही. परत आल्यावरही नाही. विषय काढायला निमित्त लागतं आणि आमच्या घरात निमित्तं फार जपून वापरतात.

ते निमित्त गेल्या शनिवारी काढलं. वाईला गेलो आणि म्हटलं, चला महाबळेश्वरला. अण्णा म्हणाले, "तिथं काय बघायचंय?" (कॉफी मशीनवाल्या बहाद्दरासारखंच!) आई मात्र तोवर साडी बदलून तयार.

गाडी माझी, पण रूट अण्णांचा. पसरणीच्या घाटात प्रत्येक एसटीच्या ड्रायव्हरला हात. गुरेघरला स्ट्रॉबेरी-क्रीमची गर्दी लागली तिथे मी गाडी हळू केली तर म्हणाले, "येताना." केट्स पॉइंटला उतरलो तर सवयीनं, "वीस मिनिटं." आई म्हणाली, "अहो, गाडी आपली आहे." अण्णांनी वीस मिनिटांनी घड्याळ बघितलंच. जुन्या महाबळेश्वराला आईनं गोमुखाखाली ओंजळ धरली आणि पाणी आमच्या दोघांच्या डोक्यावर शिंपडलं. वाटेत दोन्ही बाजूंनी लाल मातीत स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यांवर प्लास्टिक. हवेत बोचरा गारवा.

आर्थर्स सीटला गाडी लावली. अण्णा उतरले आणि दाराला टेकून उभे राहिले. "या तुम्ही जाऊन. मी हाय गाडीपाशी."

"अण्णा, गाडीला लॉक आहे."

ते हसले. म्हणाले, "गुडघा."

"हळूहळू जाऊ. कोणी सोडून जात नाही."

गेलो हळूहळू. पाऊण तास लागला असेल. वर पोचलो तेव्हा धुकं फाटत होतं. एका बाजूला खाली सावित्रीचं खोरं, कोकणाकडचे निळे डोंगर एकामागे एक. वारा असा की एका मुलाची कागदी पिशवी कड्यावरून खाली गेली आणि तरंगत परत वर आली. अण्णांनी आधी काय केलं असेल? बरोबर. कठडा हलवून बघितला.

मग कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मी घड्याळ बघितलं नाही.

"अण्णा, दोन हजार सात साली आमची ट्रिप आली होती. तुमच्या गाडीत."

"हं."

"मी ओळख दिली नाही."

ते खाली बघत होते. मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "आदल्या दिशीच कळलं व्हतं. चार्टावर कॉलेजचं नाव बघितलं. म्हटलं ड्यूटी बदलून घ्यावी. पोराला नको वाटंल."

"मग?"

"माझ्या जागी नवं पोरगं येणार व्हतं. पंधरा दिस झालेले लागून. मोजणी कच्ची त्याची. आन तुम्ही सगळी तरणी पोरं, कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढणार." त्यांनी खाली दरीकडे हनुवटी केली. "म्हटलं ऱ्हाऊ दे. ओळख न्हाई दिली तरी चालंल. मोजाय तर यील."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही सापडलं नाही. ते पुन्हा दरी बघायला लागले आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

थोड्या वेळानं मागून आईचा आवाज आला, "अहो, वीस मिनिटं कधीच झाली की!"

खाली येऊन गाडीत बसलो. आई मागे, अण्णा माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवली. अण्णांनी मागे वळून एकदा नजर टाकली. पाच सीटची गाडी.

"दोन रिकाम्या," ते म्हणाले. "बरोबर हाय. सोड."